हात सैल सोडा

"हात सैल सोडा, वहिनी," मी म्हटलं, आणि सुताराच्या वहिनींनी नेहमीप्रमाणे हात आणखी ताठ केला.

भोगीचा दिवस होता. वडूजच्या पेठेतल्या आमच्या दुकानापुढं बायकांची रांग लागलेली. संक्रांतीला हातात नवी बांगडी हवी, हे दरवर्षी सगळ्यांना आदल्या दिवशीच आठवतं. वहिनींचा हात मोठ्या हाडाचा, आणि हट्ट मात्र दोन-चारच्या मापाचा, कारण धाकट्या जावेला ते माप बसतं.

मी वाद घालत नसे. हात सैल सोडा असं सांगून जन्मात कुणाचा हात सैल सुटलेला नाही, ते आपलं म्हणायचं. खरी गंमत बोलण्यात गुंतवण्यात असते. डाव्या हातानं बाईचा पंजा धरायचा, अंगठा आत दुमडून बोटांची हाडं जवळ आणायची, उजव्या हातानं बांगडी सरकवायची आणि तोंडानं तिसऱ्याच कुणाची तरी गोष्ट काढायची. बाई गोष्टीत रमली की बांगडी मनगटावर. सगळी करामत डाव्या हाताच्या दाबाची. थोडा कमी पडला तर बांगडी हाडावर अडते, थोडा जास्त झाला तर काच वाढते. आम्ही कासार बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. आणि शालन कासारणीच्या हातनं बांगडी वाढत नाही, असं आजूबाजूच्या चार गावांत बोललं जायचं. मला त्याचा गर्व होता. कशाला खोटं सांगू?

"सुनेचं माहेरपण संपलं का नाही अजून?" मी विचारलं. वहिनी सांगायला लागल्या. मी दाब दिला. म्हणजे द्यायचा असं मनात आणलं, पण हातातून काही गेलंच नाही. वहिनींचा पंजा ओल्या साबणासारखा निसटला. परत धरायला गेले, तर माझा हात माझ्याच मांडीवर पडलेला, कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखा.

"कासारीणबाई, तोंड वाकडं झालंया तुमचं," वहिनी म्हणाल्या.

"वारं गेलं गं हिच्या अंगावरनं," रांगेतलं कुणीतरी बोललं. एवढं मला स्वच्छ ऐकू आलं. मग जीप, सातारा, आणि हॉस्पिटलातले बारा दिवस. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, म्हणून डावं अंग गेलं, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं. हे म्हणजे माझे मालक. हाताला सूज येईल म्हणून नर्सबाईंनी डाव्या हातातल्या बांगड्या कापून काढल्या. कापल्याचा आवाज आला, पण कापताना हात माझा वाटला नाही.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. तोंड महिन्याभरात सरळ झालं. पाय काठीच्या आधारानं चालायला लागला. हातात मात्र मुंगीसुद्धा शिरेना.

आणि वैशाखात संजूचं लग्न होतं.

संजू, संजीवनी, माझी एकुलती एक. डीएड झालेली, इंदापूरला दिलेली. तारीख धरून झाली होती. लग्नाची बाकी काळजी ह्यांनी आणि माझ्या जावेनं, कमळनं, उचलली होती. माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आमच्या घराण्यात कासाराच्या पोरीचा हिरवा चुडा तिची आईच भरते. दुसरी कुणी हात लावत नाही. दुसरीनं भरायचा तो आई मेली असेल तरच. माझ्या नणंदेचा चुडा माझ्या सासूबाईंनी अंगात ताप असताना भरला होता. माझा माझ्या मावशीनं भरला, कारण माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्या दिवशी मांडवात किती हसणं-खिदळणं चाललं होतं, आणि मावशीनं माझा हात धरल्याबरोबर सगळ्या गप्प झाल्या. ती शांतता मी कधी विसरले नाही.

"तुमी काळजी नका करू, जाऊबाई," कमळ एकदा म्हणाली. कोरेगावची, मनानं चांगली. "येळ आलीच तर मी हाय की."

"मी मेले का?" मी म्हटलं. 

दर शनिवारी साताऱ्याहून व्यायामाच्या डॉक्टर यायच्या. नीलोफर मुल्ला. वय पंचवीस-सव्वीस, आवाज हळू, पण हात पक्के. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा डावा पंजा हातात घेतला तेव्हा मला कळलं, ह्या पोरीला हात कळतो.

"माझा हात मेलाय का?" मी विचारलं.

"नाही, काकू. हात जिवंत आहे. तुमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात ना?"

"येतात की."

"तसंच आहे हे. एकेका मुकादमाच्या हाताखाली स्नायूच्या धाग्यांची एकेक टोळी. मुकादम बसलेले असतात पाठीच्या कण्यात. वरनं मेंदू निरोप धाडतो. हलकं काम असेल तर दोन मुकादम उठवतो, जड असेल तर पन्नास. तुम्ही आयुष्यभर दोनाचे तीन, तिनाचे चार असं अगदी मोजून उठवत होता, म्हणून काच वाढत नव्हती. आता निरोपाचा रस्ताच वाहून गेलाय. टोळ्या आहेत जागेवर, पण त्यांना निरोप नाही."

"मग नवा रस्ता पाडू."

"पाडायचाच. पण आधी जे येईल ते बारीक निरोप नसतील, आरडाओरडा असेल. दोघांना बोलवायला जाल तर टोळीच्या टोळी धावून येईल, आणि काम संपलं तरी हलायची नाही. मूठ आपोआप वळायला लागेल. तुम्हाला वाटेल, ताकद आली. ती ताकद नाही, काकू. म्हणून आपण मूठ वळायचा व्यायाम करायचा नाही. उघडायचा."

आणि त्यांनी व्यायाम काय दिला? पंजा टेबलावर उताणा-पालथा करून पसरायचा आणि त्यावर भार देऊन बसायचं. वीस-वीस मिनिटं. मनगट, अंगठा कसा हळू मोकळा करायचा ते संजूला शिकवलं. संजू वहीत लिहून घ्यायची. मला वाटायचं, पोळपाटावर हात ठेवून बसायला मी काय पोरगी आहे? कासारणीचा डावा हात दाबायला असतो. पसरायला नसतो.

शिमग्याच्या आसपास एक दिवस चहाचा कप खाली ठेवला आणि बघते तर डाव्या हाताची बोटं आत वळलेली. मी मनात म्हटलं, वळ, आणि ती आणखी वळली. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी आपलं बोट माझ्या मुठीत दिलं. मी दाबलं. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुखल्यानं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते पेठेतून लाल रबरी चेंडू घेऊन आले. "पेठेत सगळे हेच म्हणतात. चेंडू दाबत राहिलं की हात येतो."

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्यात ना?"

"ती पुस्तकातलं बोलती. तुझा हात तुला कळतो का तिला?"

मला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्या दिवसापासून चेंडू पदराखाली. भाजी निवडायला बसले, चेंडू. देवाजवळ बसले, चेंडू. संजू शाळेत शिकवायला गेली की शंभर वेळा, परत यायच्या आत आणखी शंभर. आधी तो नुसता दबायचा, मग चपटा व्हायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे कौतुकानं आपली दोन बोटं माझ्या मुठीत देऊन दाखवायचे आणि ओय ओय करायचे. माणसं म्हणायची, देव पावला.

शनिवारी मुल्ला मॅडमनी त्यांचा हात माझ्या हातात दिला. "धरा." मी धरला. "आता सोडा."

मी सोडला. म्हणजे सोडायचं मनात आणलं. त्या तोंडानं आकडे म्हणत राहिल्या. अकराला बोटं सुटली. पुढच्या शनिवारी सतराला. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"काकू, घरी मूठ वळायचं काही करताय?"

"काय सुद्धा नाही. पण मूठ येतेय, दिसतंय ना? हातच्या काकणाला आरसा कशाला?"

संजू शेजारी उभी होती. तिनं वहीत डोकं घातलं. पण रोज रात्रीच्या जेवणाआधी माझी मूठ उलगडून तळवा पुसायचं काम तिचं होतं, आणि तिला माहीत होतं. मूठ इतकी घट्ट व्हायला लागली होती की नखं तळव्यात रुतायची, आतली कातडी ओलसर राहून वास यायचा. ती मनगट हळूहळू खाली वाकवून, अंगठा मुळापासून धरून एकेक बोट सोडवायची. कापूस फिरवायची. मग म्हणायची, "आई, चेंडू दे."

"चुडा भरू दे एकदा. मग विहिरीत टाकते."

"मला भरला नाहीस तरी चालेल गं."

"मला नाही चालत," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की ती कापूस घेऊन आत निघून गेली. त्या दिवसांत मी कुणाशी नीट बोलत नव्हते. सकाळी जाग आली की आधी मूठ तपासायची, मग तारीख. मूठ उघडत नाही हे मला दिसत होतं. मी स्वतःला सांगत होते, धरता आलं ना, मग सोडता येईलच. सोडायला काय अक्कल लागते? पिकलेला आंबासुद्धा आपोआप सुटतो.

लग्नाआधीच्या शेवटच्या शनिवारी मुल्ला मॅडमना पदराखालचा चेंडू सापडला. त्या रागावल्या नाहीत. चेंडू काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी दोन्ही हातांनी भरू नका," त्या म्हणाल्या. "जमलेली माणसं, घाई, मनावरचा ताण, ह्यानं मूठ आणखी आवळते. काचेचं काम आहे, काकू. माझं एवढं ऐका."

मी हो म्हटलं.

हळदीच्या दिवशी सकाळी दारात मांडव, आत बायका. संजू पाटावर बसली. कमळनं हिरव्या बांगड्यांच्या माळा आधीच सोडवून परातीत ठेवल्या होत्या आणि संजूसमोर दुसरा पाट मांडला होता. त्या पाटावर कोण बसणार हे कुणी बोललं नव्हतं. मी काठी भिंतीला टेकवली आणि जाऊन बसले. कमळ उभ्यानंच मागं सरकली.

उजव्या हातानं मी माझा डावा हात उचलला आणि संजूच्या उजव्या पंजावर ठेवला. बोटं वळली. पंजा धरला. चार महिन्यांनी माझ्या हातात हात आला होता.

"हात सैल सोड," मी म्हटलं.

संजूनं सोडला. कासाराची पोर ती, तिला शिकवावं लागत नाही. मी दाबलं, उजव्या हातानं बांगडी सरकवली. गेली. दुसरी गेली. तिसरीला बायका बोलायला लागल्या. सुताराच्या वहिनी म्हणाल्या, "बघा, शालनबाईचा हात आला का न्हाय परत." मी संजूकडं बघितलं. ती हसत होती, पण डोळे माझ्या मुठीवर होते.

चौथी बांगडी हाडावर आली आणि मला वाटलं, थोडा दाब कमी करावा. तेवढंच. दोनातला एक मुकादम घरी पाठवावा, एवढंच काम. मी मनात म्हटलं, सैल. आणि मूठ आवळली. मी पुन्हा म्हटलं, सोड, आणि ती त्याहून आवळली. जितकं जोर लावून सोडायला जाते तितकी ती घट्ट होते. कोपर वाकायला लागलं, डाव्या पायाची बोटं पाटावर वळली, दातावर दात बसले. माझ्या बोटांखाली माझ्या लेकीची हाडं एकमेकांवर चढताना मला कळत होती, आणि ती बोटं माझी असून माझी नव्हती.

काच वाढली.

कुणीतरी आजी म्हणाली, "अगं बाई, चुड्यातली वाढली." मग सगळ्या गप्प झाल्या. तीच शांतता. संजूच्या मनगटावरून रक्ताची बारीक धार माझ्या नखांपर्यंत आली. ती ओरडली नाही. कमळ धावली आणि माझी बोटं धरून जोरात ओढायला लागली. ओढल्याबरोबर मूठ आणखी बसली.

"काकू, ओढू नका," संजू कमळला म्हणाली. "ओढलं की जास्त आवळतं. सोडा तुम्ही."

तिनं मोकळा डावा हात माझ्या मनगटावर ठेवला आणि ते हळूहळू खाली वाकवायला लागली. घाई नाही. तिचा उजवा हात माझ्या मुठीत चेंगरत होता आणि ती माझं मनगट असं वाकवत होती, जसं तान्ह्या पोराचं डोकं खाली ठेवावं.

"आई, हात सैल सोड."

"कसा सोडू?" मी म्हणाले. मला रडू फुटलं. "संजे, सोडायचं कुठून तेच सापडत नाही गं मला."

"माहीत आहे. तू काही करू नकोस. सोडायला पण जाऊ नकोस. नुसती बस."

हजारो बायकांना मी ते वाक्य म्हटलं होतं. पोरींना, म्हाताऱ्यांना, पहिलटकरणींना. त्यांनी हात ताठ केला की मी चिडायची, मनात म्हणायची, एवढं साधं जमत नाही हिला. मी काय मागत होते ते मला त्या पाटावर कळलं.

अंगठा सुटला. मग करंगळी. मग बाकीची. संजूनं हात बाहेर काढला. पंजाच्या पाठीवर माझ्या नखांच्या चार चंद्रकोरी आणि मनगटाजवळ काचेची चीर. तिनं परातीतली हळद चिमटीत घेऊन चिरेवर दाबली. "लावायचीच होती आज," ती म्हणाली. "जरा आधी लावली."

मी पाटावरून उठायला गेले. "कमळ, ये. तू भर." मला वाटत होतं, हे म्हटलं की माझं सगळं संपलं. संपलंच होतं. मी माझ्या पोरीचा हात चेंगरला होता. असल्या हाताची आई जिवंत असली काय आणि नसली काय.

संजूनं माझा पदर धरला. "बस खाली."

"माझ्यानं होत नाही, बघितलंस ना?"

"दाबायला मी आहे. घालायची तू."

आणि तिनं डाव्या हातानं आपलाच उजवा पंजा धरला, अंगठा दुमडला, हाडं जवळ आणली. लहानपणापासून ती ते बघत आली होती. मी उजव्या हातानं बांगडी घेतली. ती दाबेल तेवढंच मी सरकवायचं, ती थांबली की थांबायचं. आधीच्या तीन धरून उजव्या हातात दहा झाल्या. मग हात बदलून डाव्या हातात अकरा, कारण आमच्यात डाव्या हातात एक जास्त असते. एकही वाढली नाही. बायका उठून हळदीच्या गडबडीला लागल्या. कुणी काही म्हटलं असेल तर ते माझ्या कानावर आलं नाही.

मी उठणार तोच संजूनं माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला.

"आता कशाला?" मी विचारलं.

"अशीच. जरा बस माझ्याजवळ. उद्या मी जाणार." मग ती म्हणाली, "आई, ती नदीकाठच्या मामींची गोष्ट काय होती गं? म्हैस विकायला गेल्या आणि दोन घेऊन आल्या, ती?"

"आत्ता काय म्हैस काढलीस?"

"सांग ना. ऐकून कितीतरी वर्षं झाली."

मी सांगायला लागले. मामींनी बाजारात काय थाप मारली, व्यापारी कसा फसला, मामा दारात कसे कपाळाला हात लावून बसले. सांगता सांगता मीच हसले. आणि हसता हसता मनगटावर काहीतरी गार लागलं. खाली बघितलं तर डाव्या हातात एक हिरवी बांगडी. माझ्या मापाची, दोन-सहाची. ती तिनं कधीची दुकानातून काढून कमरेला खोचून ठेवली होती. संक्रांतीपासून उघडा असलेला माझा हात.

"कशी घातलीस?" मी विचारलं.

"तू शिकवलंस तशी," ती म्हणाली, आणि तिला बाहेर हाक आली म्हणून उठून गेली.

त्याला आता चौदा वर्षं झाली. चेंडू मी विहिरीत टाकला, टेबलावर पंजा पसरून बसायला लागले, मुल्ला मॅडम चार वर्षं येत राहिल्या. हात थोडा उघडतो. ताटलीचा काठ धरतो, कधीकधी सोडतोही. त्याच्यात काच द्यायची हिंमत मी पुन्हा केली नाही. दुकान मात्र चालू आहे. गिऱ्हाईक बाई दुसऱ्या हातानं आपलाच पंजा दाबते आणि मी उजव्या हातानं बांगडी घालते. वेळ लागतो. हात सैल सोडा असं मी आता कुणाला म्हणत नाही.

उजव्या हातातल्या बांगड्या दर सणाला बदलते. भांडी आहेत, झाडलोट आहे, दुकान आहे. कामाच्या हातात काच वर्षभर टिकत नाही. नव्या गिऱ्हाइणी माझा डावा हात बघतात आणि विचारतात, कासारीणबाई, ही कोणत्या कारखान्याची हो, वरची सोनेरी जरसुद्धा गेलेली नाही. मी सांगते, संजूनं घातलेली आहे. एवढ्या वर्षांत एकदाही वाढली नाही.